उतरणीला उलटा वारा : नदीखोऱ्यातल्या ११२ किलोमीटरच्या एका राइडचे प्रकरण

पार्श्वभूमी

सहा जणांचा गट, सगळ्यांकडे रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायच्या सायकली. मार्ग नदीकाठच्या डांबरी रस्त्याने ५६ किमी वर, म्हणजे प्रवाहाच्या उलट्या दिशेने, आणि त्याच रस्त्याने परत. एकूण चढाई जेमतेम २८० मीटर, म्हणजे सरासरी चढ अर्धा टक्का. डोळ्यांना हा रस्ता सपाटच दिसतो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेते, पलीकडे दोन्हीकडून डोंगरांच्या रांगा. वाहने कमी, वळणे मोठी आणि सावकाश.

गटातल्यांची खरी नावे इथे दिलेली नाहीत. क सर्वांत ताकदीचा, ख मार्ग आखणारा. ग हिची १०० किमीवरची ही पहिलीच राइड. घ याच्या सायकलला ५० मिमी खोल रिमची चाके. च ट्यूबलेस टायरवर होता. छ अनुभवी, गटाच्या शेवटी राहणारी.

आखणी अशी होती : सकाळी ७ला निघायचे, ताशी २५ किमीने सव्वानऊला वरच्या पुलापाशी पोहोचायचे, पाऊण तास थांबायचे आणि १०ला परत फिरायचे. परतीला उतार, म्हणून ताशी २८ धरून दुपारी १२ला सुरुवातीच्या जागी. या हिशेबातले शेवटचे वाक्यच चुकीचे होते. पण ७ला निघाले असते तर ते चुकीचे आहे हे कोणाला कळलेही नसते.

सकाळचे धुके

प्रत्यक्षात ७ला खोऱ्यात दाट धुके होते, शंभर मीटरच्या पुढचे दिसत नव्हते. मागचे लाल दिवे सहापैकी चौघांकडेच होते. गट थांबला आणि ते बरोबरच केले. धुके विरून ते ९ वाजून १० मिनिटांनी निघाले.

दोन तास दहा मिनिटे उशीर झाला, पण अंतर तेवढेच ठेवले. पहिला निर्णय इथे घ्यायला हवा होता. गटाने तो घेतला नाही आणि असा काही निर्णय घ्यायचा आहे हेही कोणाच्या लक्षात आले नाही. सगळ्यांच्या डोक्यात "वरच्या पुलापर्यंत" हे ठिकाण पक्के होते, "अमुक वाजता फिरायचे" अशी वेळ नव्हती.

त्या धुक्यातून एक गोष्ट वाचता आली असती. खोऱ्यात असे धुके साधारणपणे आकाश निरभ्र आणि हवा शांत असलेल्या रात्री धरते. रात्री निरभ्र म्हणजे बहुधा दिवसाही कडक ऊन, आणि कडक ऊन म्हणजे दुपारी खोऱ्यात वारा. दिवसा खोऱ्यातली हवा बाहेरच्या सपाटीवरच्या हवेपेक्षा जास्त तापते, कारण दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे आत हवाच कमी मावते आणि तेवढ्याच उन्हात ती लवकर गरम होते. वरच्या अंगाला दाब कमी होतो आणि सपाटीवरची हवा खोऱ्यात वर ओढली जाते. सूर्य वर आल्यावर काही तासांनी हा वारा सुरू होतो, दुपारी जोरात असतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. रात्री उलटे होते, गार हवा खोऱ्यातून खाली वाहते. ढगाळ दिवशी हे चक्र मंद असते.

फोनवरच्या अंदाजात ताशी ८ किमी वारा दिसत होता. तो आकडा खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या सपाट भागाचा होता, आतल्या अरुंद पट्ट्याचा नव्हे.

न वाचलेल्या खुणा

पहिले २२ किमी ताशी २३ने गेले. पंधरा मिनिटे थांबून १० वाजून २५ मिनिटांनी गट पुन्हा निघाला आणि अकराच्या सुमारास वेग तेवढ्याच श्रमात २६-२७वर गेला. सगळ्यांना वाटले, पाय मोकळे झाले. चढ तोच, गिअर एक जड, श्वास तसाच आणि कानाशी आवाज नाही. कानाशी आवाज नसणे हीच पाठीच्या वाऱ्याची खूण असते. ताशी २५ने शांत हवेत गेले तरी कानाशी सूं सूं ऐकू येते. ते बंद झाले की वारा तुमच्याबरोबर चालला आहे असे समजावे. हॅण्डलवरच्या यंत्रावर वेग वाढताना दिसला की माणूस खूश होतो आणि परतीचा विचार करत नाही.

दुसरी खूण वरच्या पुलावर मिळाली. ११ वाजून ५५ मिनिटांनी पोहोचल्यावर सगळे कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होते. प्रवाह खाली जात होता, पण पाण्यावरच्या बारीक लाटा वर सरकत होत्या. त्यांचे शेंडे तुटून पांढरे होत होते, काठचे गवत वरच्या अंगाला लवलेले होते. प्रवाहाच्या विरुद्ध वारा असला की पाणी असेच खवळलेले दिसते. त्या लाटांचे फोटो निघाले. ऊन चांगले होते म्हणून थांबणेही तासभर लांबले. परतीला निघायला ५ मिनिटे कमी १ वाजला.

अडचण

गणित एकदा मांडले की परतीला काय घडले ते कळते. सायकलसह ८५ किलो वजनाचा स्वार धरू. अर्धा टक्का उतार त्याला साधारण ४.२ न्यूटनने पुढे ढकलतो. चांगल्या डांबरावर टायरचा लोळण-विरोधही जवळपास तेवढाच, ४.२ न्यूटन. म्हणजे हा उतार टायरचा विरोध फेडतो आणि संपतो. हवेसाठी काहीच उरत नाही.

आता वारा. झाडांच्या लहान फांद्या हलत होत्या आणि धूळ उडत होती, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापावर ४. त्या मापात १० मीटर उंचीवर ताशी २० ते २८ किमी येतात. स्वाराच्या उंचीवर जमिनीच्या घर्षणाने वारा थोडा कमी असतो. वरच्या टोकाचा आकडा घेऊन तो ताशी २० धरला, तर ताशी २५ने जाणाऱ्याला हवा ताशी ४५ने भिडते. हूडवर, म्हणजे हॅण्डलवरच्या ब्रेकच्या मुठींवर, हात ठेवून बसलेल्या साधारण स्वाराला लागणारी ताकद अशी निघते :

सकाळी शांत हवेत चढाला ताशी २५ : सुमारे १२८ वॅट.
परतीला शांत हवेत उताराला ताशी २५ : सुमारे ७० वॅट.
परतीला समोरच्या वाऱ्यात उताराला ताशी २५ : सुमारे २२८ वॅट.
तोच वारा, तोच उतार, पण ताशी १८ : सुमारे ११७ वॅट.

पूर्ण प्रकरणात कामाचा आकडा शेवटचा आहे. वेग ७ किमीने उतरवला की लागणारी ताकद निम्मी होते. परतीच्या शेवटच्या ३९ किमीच्या अंतरात त्याची किंमत साधारण ३५ मिनिटे. गटाला ती द्यायची नव्हती, म्हणून पुढचे सगळे घडले.

पहिले ९ किमी क पुढे राहिला आणि त्याने ताशी २५ धरले. त्याला ते जमत होते. मागे तिसऱ्या-चौथ्या जागेवर आडोसा मिळत होता, पण ग सतत अर्धे चाक मागे पडायची, मग जोर करून जोडून घ्यायची. हे जोडून घेणे एकसारख्या श्रमापेक्षा फार महाग पडते, कारण आडोशाबाहेर पडताच ताशी ४५ची हवा पूर्ण अंगावर येते आणि नेमक्या त्याच क्षणी वेगही वाढवावा लागतो. पुढच्या ८ किमीत वेग आपोआप १९-२०वर आला. ग बोलेनाशी झाली. "ठीक आहेस ना?" या प्रश्नाला तिने मान हलवली, पण बाटलीला हात लावला नाही.

नंतर हिशेब केला तेव्हा निघाले की साडेचार तासांत तिच्या पोटात दोन केळी आणि साधे पाणी गेले होते. म्हणजे ५०-५५ ग्रॅम कर्बोदके. एवढ्या श्रमात तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा जोराच्या श्रमाला दीड-दोन तासच पुरतो. सकाळी पाठीच्या वाऱ्यात तो सावकाश खर्च झाला होता, परतीच्या पहिल्या अर्ध्या तासात उरलेला संपत आला.

१७व्या किलोमीटरला नदी वळते. तिथे वारा समोरून न येता तिरका येऊ लागला. तिरक्या वाऱ्यात आडोसा थेट मागे नसतो, पुढच्याच्या मागे पण बाजूला असतो. तो शोधत प्रत्येक जण थोडा थोडा कडेला सरकला आणि शेवटचे तिघे डांबराच्या कडेवर, खडीच्या पट्ट्यात आले. शर्यतीत बंद रस्त्यावर तिरकी रांग करता येते. चालू रस्त्यावर तशी रांग करायला जागाच नसते, म्हणून प्रत्येकाने आपल्या ओळीतच राहायचे आणि आडोशावर पाणी सोडायचे, हा साधा नियम आहे. तो पाळला गेला नाही. एका धारदार खड्याने च याच्या मागच्या टायरची बाजू कापली.

टायर

काप ६ मिमीचा, साइडवॉलवर. सीलंटचा, म्हणजे टायरमधल्या छिद्र बुजवणाऱ्या द्रवाचा, फवारा घच्या पायावर उडाला आणि हवा गेली. च याने आधी रबरी प्लग घातला. ट्यूबलेसचा प्लग टायरच्या जाड पाठीत टिकतो, कारण आजूबाजूचे रबर त्याला आवळून धरते. साइडवॉलला तेवढी जाडीच नसते. हवा भरायचे एक सीओटू काडतूस फुंकले आणि ३० पीएसआयच्या आसपास प्लग बाहेर उडाला. काडतूस वाया गेले. साइडवॉल कापला आहे हे दिसल्यावर थेट ट्यूब घालायची होती.

ट्यूब घालायची तर ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढावा लागतो आणि त्याची रिमवरची गोल चकती वाळलेल्या सीलंटने घट्ट बसली होती. बोटाने हलेना, पक्कड कोणाकडे नव्हती. छने जुन्या ट्यूबचा तुकडा चकतीभोवती गुंडाळून पकड मिळवली. एवढ्याला अकरा मिनिटे गेली. घरून निघण्याआधी ही चकती एकदा सैल करून, धाग्यांवर थेंबभर तेल देऊन हातानेच घट्ट केलेली असली तर हा प्रश्न येत नाही.

पुढे बूट, म्हणजे कापाच्या आतून लावायचा आधार. चिकट बूट ओल्या सीलंटवर धरेना. फडक्याने दोनदा पुसले तरी बारीक थर राहतोच. मग जुन्या टायरचा दीड इंची तुकडा आतून ठेवला, ट्यूबमध्ये आकार येईपुरती हवा भरून ती बसवली आणि हातपंपाने ५५ पीएसआय भरले. नेहमी तो मागे ७० ठेवतो. दाब कमी ठेवणे योग्य होते, कारण जास्त दाबात काप उघडून बूट बाहेर ढकलला जातो. एक गोष्ट राहून गेली : त्या तुकड्याच्या कडा तासून पातळ केल्या नव्हत्या. एकूण ३८ मिनिटे गेली. २ वाजून २० मिनिटे झाली होती आणि ३९ किमी बाकी होते.

पर्याय

चार पर्याय समोर आले.

पहिला, त्याच रस्त्याने सगळ्यांनी एका रांगेत ताशी १८ने जायचे. चालवायलाच सव्वादोन तास, थांबे धरून पाचच्या आसपास. सूर्यास्त सव्वासहाचा.

दुसरा, ४ किमी पुढच्या पुलावरून पलीकडच्या काठाला जायचे. त्या रस्त्याला दुतर्फा झाडे आणि बराच भाग बांधांच्या आडोशाला. अंतर ६ किमी जास्त, डांबर खडबडीत, तीन ओढे आणि प्रत्येक ओढ्याला उतरून पुन्हा छोटा खडा चढ. गला आडोसा मिळाला असता, पण चच्या टायरला तो रस्ता सोसला नसता.

तिसरा, वारा पडेपर्यंत थांबायचे. वारा नक्की पडला असता, पण अंधारात. दोघांकडे दिवे नाहीत. हा पर्याय लगेच बाद झाला.

चौथा, गाडी बोलवायची. फोनला रेंज पुलापाशी होती. गाडी यायला तिथून अंदाजे सव्वा तास. बसायचे कोणी, यावर बोलणे अडले. ग म्हणाली, "मी येते, मला गाडी नको." च म्हणाला, टायर टिकेल.

ही दोन्ही वाक्ये वेगळ्या तऱ्हेने तपासायला हवी होती. ग थकली होती. थकव्यावर खाणे आणि वेग हे दोन इलाज हाताशी होते आणि लागू पडताहेत का हे अर्ध्या तासात दिसणार होते. टायरचे तसे नव्हते. कापलेली साइडवॉल विश्रांतीने बरी होत नाही, दर किलोमीटरला ती वाईटच होत जाते. गटाने दोघांनाही "बघू पुढे" एवढेच उत्तर दिले.

काय केले

गने तिथेच ३० ग्रॅम कर्बोदकांचे जेल पाण्यासोबत घेतले आणि पंधरा मिनिटांनी आणखी खाल्ले. पुढे दर वीस मिनिटांनी छ तिला आठवण करत राहिली. वेग गच्या श्वासावर ठरवला : ती पूर्ण वाक्य बोलू शकली पाहिजे. तो वेग १८ ते १९ निघाला.

रांगेची पद्धत बदलली. ग आणि च पुढे येणारच नाहीत असे ठरले. बाकी चौघांनी पाळी लावली, पण वेळ सारखी वाटली नाही. क तीन मिनिटे, बाकीचे एकेक. ताकदवान माणसाने वाऱ्यात जास्त वेळ पुढे राहायचे असते, जास्त वेगाने नाही. हे क याला सांगावे लागले. पाळी बदलताना होणारी नेहमीची चूक अशी की पुढे येणारा नकळत दोन किमी वेग वाढवतो, कारण आडोशात त्याचे पाय मोकळे असतात. त्यावर उपाय म्हणून पुढे आल्यावर पहिली दहा पॅडल गिअर न बदलता मारायची असे ठरले. बाजूला होणाराही आधी बाजूला सरकेल आणि मगच वेग सोडेल. उलटे केले की मागच्याचे चाक त्याच्या चाकाला लागते. आणि झोताच्या वेळी वेगाचा आकडा बघायचा नाही, श्रम सारखे ठेवायचे. झोतात वेग पडू द्यायचा, वळणाच्या आडोशात आपोआप चढू द्यायचा.

पलीकडचा रस्ता बघायला पुलावरून जाताना घ उतरला आणि चालत गेला. वारा कठड्यांमधून आडवा येत होता आणि ५० मिमी रिमचे पुढचे चाक हिसके देत होते. मागचे खोल चाक तेवढे त्रास देत नाही, पुढचे हॅण्डलच फिरवते. १८० मीटर चालायला तीन मिनिटेही लागली नाहीत. हॅण्डल आवळून धरण्यापेक्षा हे शहाणपणाचे होते. पूल ओलांडून खालची बाजू पाहिल्यावर पलीकडचा रस्ता खरोखरच खडबडीत निघाला. गट परत मुख्य काठाला आला. गची तब्येत सुधारली होती, ती स्वतःहून बोलू लागली होती. म्हणून गाडीला फोन केला नाही.

या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय हाच. फोनला रेंज होती, टायर संशयास्पद होता, बसायला माणूस होता. गची सुधारणा बघून गटाने चचाही प्रश्न सुटल्यासारखे धरले.

परिणाम

शेवटचे १३ किमी उरले असताना मागून छला चच्या टायरच्या बाजूला फुगवटा दिसला. मागचे चाक दर फेऱ्याला फ्रेमला किंचित घासत होते. तिने ओरडून थांबवले. चाक काढल्यावर बूट तिरका सरकलेला होता आणि त्याच्या न तासलेल्या कडेने ट्यूबवर करकरीत रेघ पाडली होती. काप ६ मिमीवरून साधारण १४ मिमी झाला होता. आणखी चारपाच किलोमीटर गेले असते तर ट्यूब फुटली असती, आणि पुढे छोटा तीव्र उतार होता.

४ वाजून १० मिनिटांनी गाडीला फोन गेला. पंचवीस मिनिटांत ती आली आणि च आणि त्याच्याजवळ थांबलेली छ गाडीने परतले. बाकी चौघे ५ला दहा मिनिटे कमी असताना पोहोचले. ग शेवटपर्यंत सायकलवरच होती आणि शेवटच्या दहा किमीत तिचा श्वास क याच्यापेक्षा शांत होता. क मात्र पुढचे दोन दिवस मान आणि पाठ धरून होता. हूडवर ताठ बसून वाऱ्यात ओढल्याचा तो परिणाम. कोपर वाकवून धड खाली घेतले असते तर त्याची आणि सायकलची समोरची सावली कमी झाली असती आणि वॅटही वाचले असते.

काय वेगळे करता आले असते

निघायला उशीर झाला की अंतरातून तेवढे कापायचे. ९ वाजून १० मिनिटांनी निघताना "अकराला जिथे असू तिथून फिरायचे" असे ठरले असते, तर गट साधारण ३५व्या किलोमीटरवरून फिरला असता आणि एकच्या आत घरी असता. वरचा पूल दिसला नसता, एवढेच.

त्याहून चांगले म्हणजे दिशा उलटी ठेवायची. खोऱ्याच्या वरच्या टोकाला गाडी लावून सकाळी खाली जायचे आणि दुपारी वाऱ्याबरोबर वर यायचे. वर येताना अर्धा टक्का चढ असतो, पण ताशी २० पाठीचा वारा असेल तर ताशी २५ला हवेचा विरोध जवळजवळ उरतच नाही. त्याच ८५ किलोच्या स्वाराला साधारण ६० वॅट पुरतात. वरपर्यंत गाडी नेणे शक्य नसेल तर उघडा काठ सकाळी आणि झाडांचा काठ परतीला घ्यावा, मात्र त्या काठाचे डांबर आधी बघून ठेवावे.

बूटसाठी जुन्या टायरचा तुकडा घरीच कापून, चारही कडा काचकागदाने पातळ करून, ट्यूबसोबत पिशवीत ठेवावा. त्याबरोबर छोटी पक्कड किंवा जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा, आणि ओले सीलंट पुसायला कोरडे फडके. प्लगचे सामान राहू द्यावे, पण साइडवॉल कापलेली दिसली की त्याला हात लावू नये.

पुढच्या खेपेला या गटाने गाडी वर लावली. त्या दिवशी आभाळ आले होते आणि दुपारचा वारा जेमतेम जाणवला. ख थोडा हिरमुसला. ग पूर्ण १०० किमी बोलत आली.